पावावरचा शिक्का : दक्षिण इटलीतील दोन प्रांतांची ओळख



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या विषयावर मी वर्षभर बोलतच असतो आणि ऐकणारे बिचारे वर्षभर ऐकतच असतात. म्हणून या खेपेला मी विषय बदलून मागितला. इटली म्हटले की आपल्याला रोम, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स ही तीन शहरे आठवतात. मी आज ज्या मुलखाविषयी सांगणार आहे तो या तिन्ही शहरांच्या पुष्कळ खाली आहे. नकाशात इटलीचा आकार बुटासारखा दिसतो. त्या बुटाच्या टाचेत पुलिया नावाचा प्रांत आहे, आणि टाच व चवडा यांच्यामधल्या कमानीत बासिलिकाता. या दुसऱ्या प्रांताला पूर्वी लुकानिया म्हणत आणि तेथील माणसे अजूनही स्वतःला लुकानियाची म्हणवतात.

मी विद्वान नाही, हे आधीच सांगतो. सातवी झाल्यावर इचलकरंजीत यंत्रमागावर कांड्या भरायला लागलो. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटाने केले. त्या कपाटातल्या जुन्या मासिकांत एकदा ज्युझेप्पे दी व्हित्तोरिओ या इटालियन कामगार पुढाऱ्याची हकीकत वाचायला मिळाली. शेतमजुराचा मुलगा, शाळा अर्धवट सुटलेली, गाव चेरिन्योला, प्रांत पुलिया. ते गाव तीस वर्षे माझ्या डोक्यात बसून राहिले. तीन वर्षांपूर्वी माझी पुतणी बारी येथे शिकत होती. ‘काका, आता नाही आलात तर कधी येणार?’ असे तिने विचारले आणि मी साठवलेले पैसे मोडून वीस दिवस त्या मुलखात हिंडून आलो. ती दुभाषी आणि मी प्रश्न विचारणारा, अशी आमची जोडी होती.

आपला या भूमीशी अगदीच संबंध नाही असे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४३ मध्ये, आठवी भारतीय डिव्हिजन पुलियातील तारान्तो बंदरात उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये उत्तर इटलीतील सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतल्या पोरांनी इटलीत पहिले पाऊल ठेवले ते या टाचेवर.

मला आज एवढेच दाखवायचे आहे की, या मुलखाचे डोळ्यांना दिसणारे रूप, तेथील अन्न आणि तेथील गाणीनाच, ज्यांचे आज जगभर कौतुक होते, ते सारे टंचाईतून आणि हातावर पोट असणाऱ्यांच्या कष्टातून घडले आहे. हे कळले नाही तर त्याची चव अर्धीच कळते.

पाणी आणि दगड

प्रथम जमीन पाहू. पुलियाचा मधला भाग चुनखडीच्या पठाराचा आहे. त्याला मुर्जे म्हणतात. चुनखडीला भेगा असतात; पडलेला पाऊस वर वाहत नाही, तो थेट जमिनीच्या पोटात जातो. त्यामुळे या पठारावर नदी म्हणण्याजोगी नदी नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा लॅटिन कवी होरेस याच सरहद्दीवरच्या व्हेनोसा गावचा. त्याने आपल्या या मुलखाला तहानलेला म्हटले होते, आणि ते विशेषण विसावे शतक उजाडेपर्यंत खरे राहिले. लोक पावसाचे पाणी छपरावरून, अंगणातून, खडकात खोदलेल्या टाक्यांत उतरवीत आणि ते वर्षभर पुरवीत.

शेवटी सरकारने एक मोठे काम हाती घेतले. आपेनाइन पर्वतात सेले नावाची नदी उगम पावते आणि पश्चिमेच्या समुद्राला मिळते. तिचे उगमाचे पाणी पर्वतात बोगदा खोदून पूर्वेला, पुलियाकडे वळवायचे ठरले. आपण कोयनेचे पूर्वेकडे जाणारे पाणी पश्चिमेला वळवले. त्यांनी त्याच्या उलट केले, एवढाच फरक. काम १९०६ मध्ये सुरू झाले आणि १९१५ मध्ये बारी शहराच्या नळाला पाणी आले. टाचेच्या अगदी टोकापर्यंत पोहोचायला पुढे आणखी बरीच वर्षे लागली.

पाणी नाही, पण दगड अमाप. शेत करायचे तर आधी दगड वेचायचे, आणि वेचलेले दगड टाकायचे कोठे? लोकांनी त्यांचे बांध घातले. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवलेला. मैलच्या मैल असे बांध दिसतात आणि त्यांच्यामध्ये ऑलिव्हची जुनी झाडे, पीळ घातलेल्या दोरासारख्या खोडांची. याच दगडांची त्यांनी घरेही केली. आल्बेरोबेल्लो या गावी ती पाहायला मिळतात. खाली पांढरी भिंत आणि वर शंकूच्या आकाराचे करड्या दगडी चिपांचे छप्पर. दगडांचे एकावर एक कडे रचत न्यायचे, प्रत्येक कडे आधीच्यापेक्षा थोडे आत घ्यायचे आणि शेवटी टोकाला एक दगड बसवायचा. या घरांना त्रुल्ली म्हणतात.

चुन्याशिवाय घर का बांधले, याचे कारण ऐकण्यासारखे आहे. नवे गाव वसवायचे तर राजाची परवानगी लागे आणि राजाला कर द्यावा लागे. या भागाचा धनी कोन्व्हेर्सानोचा सरदार. त्याला जमीन कसायला माणसे हवी होती, पण कर द्यायचा नव्हता. म्हणून त्याने कुळांना बजावले की घरे अशी बांधा, की राजाचा माणूस तपासणीला येणार असे कळताच ती मोडून दगडांचा ढीग करता यावा. ज्या घराचे फोटो आज पोस्टकार्डावर छापतात ते घर मुळात, गरज पडल्यास पाडता यावे, म्हणून बांधलेले होते. पुढे गावकऱ्यांनी राजाकडे दाद मागितली आणि १७९७ मध्ये सरदाराच्या अमलातून त्यांची सुटका झाली. १९९६ मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

उत्तरेला मात्र दगड संपतो आणि तावोलिएरे नावाचे सपाट मैदान लागते. हे मैदान पूर्वी मेंढ्यांचे होते. आब्रुत्सोच्या डोंगरात बर्फ पडू लागले की मेंढपाळ लाखो मेंढ्या घेऊन येथे हिवाळा काढायला उतरत आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत चढत. आपले धनगर पावसाळा सरला की कोकणात उतरतात, तसाच हा प्रकार. त्यांच्या गवती वाटा सरकारने आखून दिलेल्या होत्या आणि मोठ्या वाटांची रुंदी १११ मीटर होती. १४४७ मध्ये राजा आल्फोन्सोने या मेंढ्यांवर कर बसवण्यासाठी खास खाते काढले, ते १८०६ पर्यंत चालले. एकोणिसाव्या शतकात कुरणे नांगरली गेली, गहू आला, आणि जमीन थोड्या मोठ्या जमीनदारांच्या हाती गेली. मेंढपाळाची वाट गेली आणि शेतमजुराचा जन्म झाला.

पाव आणि बाकला

आता अन्नाकडे वळू. मुर्जे पठारावर आल्तामुरा नावाचे गाव आहे. तेथला पाव प्रसिद्ध आहे. होरेसने आपल्या एका प्रवासवर्णनात या बाजूच्या एका गावाविषयी लिहिले आहे की तेथे पाणी विकत घ्यावे लागते, पण पाव इतका उत्तम मिळतो की शहाणा वाटसरू पुढच्या मजलेसाठी तो बरोबर घेतो. गावाचे नाव त्याने दिलेले नाही. आल्तामुराच्या लोकांना विचाराल तर ते आपलेच गाव म्हणून सांगतात!

हा पाव खपली-जातीसारख्या कठीण गव्हाच्या पिवळ्या, बारीक दळलेल्या रव्याचा करतात. त्यात आंबवण, मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. वरचे कवच जाड आणि खरपूस, आतला भाग पिवळसर व जाळीदार. २००३ मध्ये युरोपीय संघाने या पावाच्या नावाला संरक्षण दिले. त्या नियमांत गव्हाच्या जातीपासून कवचाच्या जाडीपर्यंत सगळे लिहून ठेवले आहे. कवच किमान तीन मिलिमीटर हवे! मला नियम वाचण्याची सवय आहे, पण पावाच्या सालीचा नियम मी प्रथमच वाचला.

हे कवच काही शोभेसाठी नाही. मेंढपाळ आणि शेतमजूर आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर राहत. तेवढे दिवस टिकेल असा पाव त्यांना हवा होता. कवच जाड असले की आतला ओलावा टिकतो. मी तो पाव पाच दिवस पिशवीत बाळगला. पाचव्या दिवशी तो कडक झाला होता, पण खाण्याजोगा होता. अगदीच वाळला तर पाण्यात भिजवून, पिळून, त्यावर कांदा, टोमॅटो, मीठ आणि ऑलिव्हचे तेल घालतात. त्याला चालेद्दा म्हणतात. आपण शिळ्या भाकरीचा कुस्करा करतो, त्याचाच हा भाऊ.

पूर्वी घरोघर भट्टी नव्हती. बायका पहाटे घरी कणीक मळीत आणि गावच्या भट्टीत भाजायला देत. शंभर घरांचे पाव एकत्र भाजले जाणार, मग आपला ओळखायचा कसा? म्हणून प्रत्येक घराचा एक शिक्का असे. लाकडाचा किंवा लोखंडाचा. त्यावर कुटुंबप्रमुखाच्या नावाची अक्षरे कोरलेली. भट्टीत देण्यापूर्वी तो शिक्का कणकेवर उठवायचा. शेजारच्या मातेरा गावीही हीच रीत होती आणि तेथे मेंढपाळ रानात बसल्या बसल्या लाकडाचे सुबक शिक्के कोरीत. हा शिक्का ध्यानात ठेवा. त्याच्याकडे शेवटी परत यायचे आहे.

रोजचे जेवण म्हणजे बाकला. वाळवलेला, सोललेला बाकला मातीच्या भांड्यात चुलीशेजारी तासन्‌तास शिजवत ठेवायचा, घोटून घट्ट करायचा, आणि त्याच्याबरोबर रानातून खुडून आणलेली कडवट चिकोरीची भाजी. वर तेलाची धार. आपल्याकडचे घोटलेले वरण आणि रानभाजी म्हणा ना. अंडे महाग म्हणून रव्यात नुसते पाणी घालून ते कणीक मळीत आणि अंगठ्याने दाबून कानाच्या पाळीएवढ्या वाट्या करीत. त्यांना ओरेक्किएत्ते, म्हणजे ‘छोटे कान’ म्हणतात. चीज परवडत नसे म्हणून शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून वर भुरभुरवीत. बासिलिकातात सेनिझे गावची तांबडी मिरची माळ करून वाळवतात आणि क्षणभर तेलात सोडतात. ती कुरकुरीत होते आणि तिखट मुळीच नसते. मी आपला पाण्याचा पेला जवळ घेऊन बसलो होतो, तो तसाच राहिला.

आणखी एक पदार्थ सांगतो. जळक्या गव्हाचे काळपट पीठ आज मोठमोठ्या खाणावळींत मोठ्या कौतुकाने मिळते. त्याची कथा अशी सांगतात की, कापणीनंतर धनी शेतातली धसकटे जाळीत आणि मग गरिबांच्या बायकापोरांना राखेत राहिलेले दाणे वेचायची मुभा असे. ते करपलेले दाणे दळून, चांगल्या पिठात मिसळून दिवस काढीत.

हे ऐकताना मला माझी आई आठवली. आमच्या घरी हुलग्याचे माडगे असे, आठवड्यातून चार-पाच दिवस. पाहुणे दारात दिसले की आई माडग्याचे गाडगे चुलीमागे सरकवी आणि शेजारून वाटीभर तांदूळ उसने आणी. आता हुलग्याचे माडगे शहरातल्या हॉटेलात मातीच्या वाडग्यातून मिळते. मी ते एकदा मागवले. चव बरी होती. पण गाडगे सरकवणारा तो हात डोळ्यांसमोरून जाईना. पुलियात बाकल्याच्या वाटीपुढे बसलो तेव्हा माझ्या मनात एकच प्रश्न होता : या बायकांनीही पाहुण्यांपासून ही वाटी लपवली असेल काय?

हातावर पोट

इटालियन भाषेत शेतमजुराला ‘ब्राच्चान्ते’ म्हणतात. ‘ब्राच्चो’ म्हणजे हात, बाहू. ज्याच्यापाशी विकायला हाताखेरीज काही नाही, तो ब्राच्चान्ते. आपण ‘हातावर पोट’ म्हणतो. हजारो कोस दूर असलेल्या दोन भाषांना एकच गोष्ट सुचली, कारण दोन्हीकडे एकच गोष्ट घडत होती.

उजाडण्यापूर्वी गावच्या चौकात मजूर उभे राहत. मालकाचा माणूस येई, धडधाकट पाहून निवडी आणि बाकीच्यांना परत पाठवी. या माणसाला ‘कापोराले’ म्हणत. ऊसतोडीच्या मुलखात राहणाऱ्या श्रोत्यांना याचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही. आपण त्याला मुकादम म्हणतो.

दी व्हित्तोरिओचा जन्म अशाच घरी, ११ ऑगस्ट १८९२ रोजी झाला. वडील गेले तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. शाळा सुटली आणि शेत सुरू झाले. त्याला वाचायची हौस होती, पण अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते. म्हणून तो असे शब्द एका वहीत टिपून ठेवी. सांगतात की, एकदा बार्लेत्ता गावी जुन्या पुस्तकांच्या गाडीवर त्याला एक जाडजूड पुस्तक दिसले. ते शब्दकोश होते. जगातल्या सगळ्या शब्दांचे अर्थ सांगणारे पुस्तक असू शकते, हेच त्याला तोवर ठाऊक नव्हते! खिशातले होते नव्हते ते पैसे देऊन त्याने ते घेतले. ही हकीकत मी वाचली तेव्हा मीही माझ्या वहीत इंग्रजी शब्द टिपून ठेवीत होतो. माझे शब्दकोश संघटनेच्या एका वृद्ध कार्यकर्त्याने मला दिले. त्याने पैसे घेतले नाहीत.

चेरिन्योलाच्या मजुरांना दी व्हित्तोरिओने काय शिकवले? जमीनदार समोर आला की डोक्यावरची टोपी काढायची नाही. मजुरी वाढवून मागणे ही नंतरची गोष्ट. आधी मान ताठ ठेवणे. १९२१ मध्ये तो तुरुंगात असताना लोकांनी त्याला पार्लमेंटवर निवडून दिले. पुढे फॅसिस्ट राजवट आली, परागंदा व्हावे लागले. युद्धानंतर तो इटलीच्या सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचा प्रमुख झाला आणि १९४९ पासून जागतिक कामगार महासंघाचा अध्यक्ष. आपली आयटक त्या महासंघाची सभासद होती. त्याचे नाव आमच्या कपाटापर्यंत आले ते याच वाटेने. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी, कामगारांसमोर भाषण करून आल्यावर, त्याने देह ठेवला.

१९४९ च्या अखेरीस दक्षिणेत मजुरांनी पडीक जमिनींत नांगर घातले. पुलियातील तोर्रेमाज्जोरे येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन मजूर पडले, बासिलिकातातील मोन्तेस्कालिओझो येथे ज्युझेप्पे नोव्हेल्लो नावाचा मजूर पडला. पुढच्या वर्षी, १९५० मध्ये, जमीन फेरवाटपाचे कायदे झाले. वाटलेले तुकडे लहान होते, पुष्कळांना मिळालेच नाहीत, आणि लाखो माणसे मिलान, तुरीन आणि जर्मनीच्या गाड्यांत बसली. तरीही जमीनदाराला ‘नाही’ म्हणता येते, एवढे सिद्ध झाले.

मातेरा : लाज आणि ठेवा

आता मातेरा. एका खोल दरीच्या काठावर, मऊ खडकात कोरलेले हे गाव आहे. घरावर घर, एकाचे छप्पर ते दुसऱ्याचे अंगण. या वस्तीला सास्सी, म्हणजे नुसते ‘दगड’, असे नाव आहे. दर्शनी भिंत बांधलेली आणि मागची खोली डोंगराच्या पोटात. चार-सहा घरांमध्ये एक सामाईक अंगण आणि त्याखाली पाण्याचे टाके. उतारावरचा पाऊस पन्हाळ्यांनी टाक्यांत उतरवण्याची व्यवस्था इतकी हुशारीची आहे की आज स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी ती अभ्यासायला येतात. गावच्या मुख्य चौकाखालचे मोठे टाके मी पाहिले. त्यात सुमारे पन्नास लाख लिटर पाणी मावते. आत उभे राहिले की देवळाच्या गाभाऱ्यात उभे राहिल्यासारखे वाटते.

पण लोकसंख्या वाढली तशी जी गुहा पूर्वी गोठा किंवा टाके होती तीतही माणसे राहू लागली. एका खोलीत आईबाप, पाच-सहा पोरे, खेचर आणि कोंबड्या. उजेड दारातून येईल तेवढाच. हिवतापाने मुले सुजलेली. फॅसिस्ट सरकारने कार्लो लेव्ही या तुरीनच्या चित्रकार डॉक्टरला १९३५ मध्ये लुकानियात हद्दपार केले होते. त्याने १९४५ मध्ये ‘ख्रिस्त एबोलीलाच थांबला’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात मातेराची मुले परक्या बाईकडे पैसे न मागता क्विनाइन मागतात, असा प्रसंग आहे. पुस्तक गाजले. पुढारी पाहणीला आले. मातेरा ही राष्ट्राची लाज आहे, असे ठरले. १९५२ मध्ये कायदा झाला आणि सुमारे पंधरा हजार माणसे, म्हणजे गावाची जवळजवळ निम्मी वस्ती, नव्या वसाहतींत हलवली गेली. सास्सी ओस पडली.

आणि मग ४१ वर्षांनी, १९९३ मध्ये, याच सास्सीला युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हटले. २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. दगड तेच. दरी तीच. जी वस्ती लाज होती ती ठेवा झाली. मध्ये फक्त माणसे उठून गेली होती.

नवी घरे वाईट होती असे मी म्हणणार नाही. संडास, उजेड, औषध या गोष्टींना जो नावे ठेवतो तो त्यांच्यावाचून कधी राहिलेला नसतो. दरीच्या पलीकडच्या काठावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. सास्सी सुटली तेव्हा ते सहा वर्षांचे होते. पुतणीने विचारले, ‘आजोबा, वाईट वाटते का?’ ते म्हणाले, ‘घराचे नाही वाटत. अंगणाचे वाटते. नव्या घरात प्रत्येकाला दार मिळाले, पण अंगण कोणालाच मिळाले नाही.’ मग समोर बोट दाखवून हसले. ‘ती आमची खोली. आता हॉटेल आहे. तिथे झोपायचे तर पैसे मोजावे लागतात. आमचे खेचर फुकट झोपत असे.’

याच प्रांतातला रोक्को स्कोतेल्लारो १९४६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्रिकारिको गावचा नगराध्यक्ष झाला. चांभाराचा मुलगा आणि कवी. खोट्या आरोपावरून तुरुंगात गेला, निर्दोष सुटला, आणि तिसाव्या वर्षी वारला. शेवटच्या दिवसांत तो शेतकऱ्यांच्या जीवनकथा त्यांच्याच तोंडून लिहून घेत होता. लाज किंवा ठेवा, हा शिक्का मारण्याआधी तेथे राहणाऱ्याला बोलू द्यावे, हे त्याला समजले होते.

कोळ्याचा चावा

टाचेच्या टोकाला सालेन्तो म्हणतात. येथल्या काही गावांत अजून ग्रीक भाषेची ग्रिको नावाची बोली बोलणारी वयस्क मंडळी आहेत. याच भागात एक विलक्षण प्रकार होता. कापणीच्या दिवसांत एखादी बाई अचानक कोसळे, थरथर कापे. तिला कोळी चावला, असे म्हणत. मग व्हायोलिन आणि डफ घेऊन वाजवणारे येत आणि बाई कधी कधी दिवसच्या दिवस नाचे, कोळी ‘उतरे’तोवर. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा ‘चावे’. २९ जूनला या बाया गालातिना गावी संत पॉलच्या देवळात जात. आपल्याकडे अंगात येते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना नवल वाटणार नाही.

१९५९ च्या उन्हाळ्यात एर्नेस्तो दे मार्तिनो हा अभ्यासक मानसोपचारतज्ज्ञ आणि संगीताचे जाणकार बरोबर घेऊन तेथे गेला. १९६१ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. केवळ कोळ्याच्या विषाने या प्रकाराचा उलगडा होत नाही, असे त्याने दाखवले. चावा होता तो मनाविरुद्ध लावलेल्या लग्नाचा, मेलेल्या माणसाच्या दुःखाचा, उपासमारीचा. वर्षभर गप्प राहणाऱ्या बाईला त्या नाचात चार दिवस ओरडायची परवानगी होती. आता तो प्रकार थांबला आहे. त्याचे संगीत मात्र उरले. १९९८ पासून त्याचा मोठा महोत्सव भरतो आणि मेलपिन्यानो गावी शेवटच्या रात्री लाखभर तरुण नाचतात. नाचू देत. त्या बायांनाही नाचणाऱ्यांची साथ आवडली असती.

आजचे मुकादम

हे सगळे जुने झाले, असे समजून उठू नका. सालेन्तोच्या ऑलिव्हला २०१३ मध्ये एक जंतुरोग लागल्याचे उघडकीस आले आणि लाखो झाडे वाळली. शेकडो वर्षांची खोडे उभी करपलेली मी पाहिली. आणि तावोलिएरेच्या मैदानात आज टोमॅटो पिकतो. तो तोडायला आफ्रिकेतून आणि पूर्व युरोपातून मजूर येतात, पत्र्याच्या आणि पुठ्ठ्याच्या झोपड्यांत राहतात. त्यांना शेतावर नेणारा माणूस आजही कापोरालेच आहे. तो नेण्याआणण्याचे पैसे मजुरीतून कापून घेतो. ऑगस्ट २०१८ मध्ये फोज्जा जिल्ह्यात तीन दिवसांत दोन अपघात झाले. दोन्ही वेळा मजुरांची गाडी टोमॅटोच्या मालमोटारीवर आदळली. सोळा मजूर गेले. त्याआधी २०१५ मध्ये आन्द्रिया येथे द्राक्षमळ्यात एक इटालियन मजूर बाई काम करता करता मरण पावली होती. त्यातून २०१६ चा कडक कायदा झाला. कायदा चांगला आहे. तो राबवायला तपासनीस हवेत आणि बोलणारे मजूर हवेत. ही तक्रार आपल्याला परकी नाही.

आणि आपली माणसेही तेथे आहेत. रोमच्या दक्षिणेला लातिना जिल्ह्यात हजारो पंजाबी मजूर शेतावर राबतात. जून २०२४ मध्ये त्यांतल्या एकाचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घराच्या दारात टाकून देण्यात आले आणि तो मेला. ब्राच्चान्ते, हातावर पोट असणारा, आणि हातच तुटला.

माझ्या शेवटच्या दिवशी आम्ही मातेराला पावाचे लाकडी शिक्के कोरणाऱ्याच्या दुकानात गेलो. कोरणाऱ्याने विचारले, अक्षर कोणते? पुतणी म्हणाली, ‘काका, तुमचे की संघटनेचे?’ मी थोडा वेळ विचार केला आणि माझ्या आईच्या नावाचे आद्याक्षर सांगितले. तिला लिहिता येत नव्हते. पगाराच्या वहीत ती जन्मभर अंगठा उठवीत आली. कोरणाऱ्याला देवनागरी येत नव्हती. पुतणीने कागदावर काढून दिलेले अक्षर त्याने पुन्हा पुन्हा निरखले, उलटे कोरले आणि शिक्का मऊ मातीवर दाबून दाखवला. अक्षर सुलट उठले.

तो शिक्का आता युनियनच्या कचेरीत त्या जुन्या कपाटावर आहे. आमच्याकडे पाव भाजत नाहीत, म्हणून तो काही उपयोगाचा नाही. पण नवा पोरगा कामाला आला आणि हे काय म्हणून विचारले, की मी त्याला सांगतो : शंभर घरांच्या पावांत, हा कोणी मळला, ते ओळखण्याची ही खूण आहे.